लढाऊ विमानाचं सिम्युलेटर सुरू कराचं हाय, १५ हजारात आधी काय घ्यावं?

घाटंजी_०७

राम राम मंडळी. गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर नीट शिकाचं हाय, नुसतं ठोकाठोकी नाही. मशीन असं: आय५-१०४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० (४ जीबीवालं), विंडोजसाठी २४० जीबी एसएसडी, वरून १ टीबीची हार्ड डिस्क. मॉनिटर २२ इंची १०८०पी, वेबकॅम साधा ७२०पी.

बजेट १५ हजार, हजार-पाचशे इकडंतिकडं. नेट मोबाइलचं, दिवसाले २ जीबी. लाइनीचा भरवसा नाही. हरभऱ्याच्या ओलिताले मोटारी लागल्या का घरचं व्होल्टेज पार खाली येते. इन्व्हर्टर ८५० व्हीएचा, बॅटरी १५० एएच.

डीसीएस घ्यावं, आयएल-२ का वॉर थंडर? स्टिक, थ्रॉटल, पेडल सगळं एकदम होत नाही, तं पहिले काय? अन् ते हेड ट्रॅकिंग (डोकं फिरवलं का गेममधली नजर फिरते ते) खरंच लागते का हौसेचं काम हाय?

उजवा_रडर

आधी सिम्युलेटर ठरवा, मग स्टिक. उलटं केलं की पैसे अडकतात.

वॉर थंडर फुकट आहे, तुमच्या कार्डावर छान चालतं, पण शिकायला ते जरा फसवं आहे. आर्केड आणि रिअलिस्टिक मोडमध्ये माऊस जिकडे नेला तिकडे विमानाचं नाक आपोआप वळतं. ट्रिम (हात सोडला तरी विमान सरळ ठेवणारी बारीक जुळवणी), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पान) सगळं गेमच सांभाळतो. तिथे स्टिक घेऊन गेलात तर माऊसवाला तुम्हाला रोज पाडेल, आणि तुम्हाला वाटेल आपलाच हात वाईट. खेळायचंच असेल तर सिम्युलेटर मोड. तिथे सगळ्यांना कॉकपिटमधूनच बघावं लागतं.

तुमच्या मशीनवर सगळ्यात हलका आणि तरी खरा म्हणजे आयएल-२ स्टर्मोविक १९४६. दुसऱ्या महायुद्धातली विमानं, २००६ सालचा गेम, सेलमध्ये अगदी किरकोळ किमतीत मिळतो. १६५० ला तो जाणवतसुद्धा नाही. डॉगफाइटचं गणित, म्हणजे वेग आणि उंची एकमेकांत कशी बदलायची, हे तिथे शिकलेलं पुढे कुठेही उपयोगी पडतं. चित्र जुनं दिसतं, एवढंच.

एफ-१६ ची ओढ असेल तर फाल्कन बीएमएस. मूळ फाल्कन ४.० हा १९९८ चा गेम विकत घ्यावा लागतो (तोही स्वस्त), त्यावर बीएमएस फुकट. त्यातलं कोरियातलं युद्ध तुम्ही खेळलात काय नि नाही काय, आपलं आपण पुढे सरकत राहतं. पूल पडला की तो पडलेलाच राहतो, रसद थांबते. असं दुसऱ्या कुठल्या सिम्युलेटरमध्ये इतकं चांगलं जमलेलं नाही. पण सोबत येणारी मॅन्युअलं शेकडो पानांची आहेत. पहिल्या महिन्यात हात लावू नका.

डीसीएस मूळ फुकट आहे. सोबत कॉकेशस आणि मारियाना असे दोन नकाशे, आणि दोन विमानं : एसयू-२५टी व टीएफ-५१डी. दोन-तीन महिन्यांना एवढं पुष्कळ होतं. विकतची मॉड्यूलं (जादा विमानं, नकाशे) स्टँडअलोन आवृत्तीत, म्हणजे डीसीएसच्या साइटवरून थेट उतरवलेल्या, १४ दिवस वापरून बघता येतात, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ती सोय नाही. शिवाय स्टीमवर घेतलेलं मॉड्यूल स्टँडअलोनमध्ये नेता येतं, उलटं नेता येत नाही. म्हणून स्टँडअलोनच उतरवा.

अडचण तुमच्या कार्डाची नाही, त्याच्या ४ जीबी मेमरीची आहे. टेक्श्चर मीडियम, टेरेन टेक्श्चर लो, शॅडो फ्लॅट, एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, कॉकपिटमधल्या स्क्रीनचं रिझोल्यूशन ५१२. सेटिंगमध्ये डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून कार्डाचा भार कमी करणारी सोय) दिसेल, ते आरटीएक्स कार्डांसाठी. जीटीएक्सवर तशीच सोय एफएसआर, ती वापरा. कॉकेशसवर एकट्याने मिशन खेळायला १६ जीबी रॅम पुरते. गर्दीच्या ऑनलाइन सर्व्हरवर पुरत नाही.

आणि डीसीएस हार्ड डिस्कवर टाकूच नका. डोंगरावरून वळलात की डिस्क टेक्श्चर शोधत बसते आणि चित्र अर्धा सेकंद गोठतं. नेमकं निशाण लावताना. तुमच्या २४० जीबीत विंडोजसोबत ते दाटीवाटीनं बसेल, कारण इन्स्टॉल शंभर जीबीच्या वर जातं. तेव्हा १५ हजारातले पहिले पैसे ५०० जीबी एसएसडीला. साटा असली तरी चालेल.

डाउनलोड दिवसाला २ जीबीनं करू नका, पावसाळा निघून जाईल. नागपूर-यवतमाळला कोणाकडे फायबर असेल तर तिथे इन्स्टॉल करून अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, घरी चिकटवा आणि डीसीएस अपडेटरला रिपेअर चालवायला लावा. तो फाइली तपासतो आणि बिघडलेल्या तेवढ्याच उतरवतो. पुढचे अपडेट मात्र कधीकधी काही जीबीचे असतात. ते आले की लगेच घ्यायची घाई नको.

सोल्डरगन

स्टिकबद्दल. रंग, दिवे, बटनं किती हे सगळं बाजूला ठेवा आणि दांड्याखाली सेन्सर कोणता आहे ते विचारा.

साध्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर (थोडक्यात पॉट) असतो, रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखा. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा पत्र्याचा बोळा. सगळ्यात जास्त घासतो तो मध्यावर, कारण हात तिथेच असतो. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की स्टिक सोडलेली असतानाही विमान थरथरतं. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक फिरतं आणि चिप दुरून वाचते, घासत काहीच नाही. आपल्याकडे मार्च ते जून जी धूळ असते आणि जिनिंग जवळ असेल तर जी रुई उडते, त्यात हा फरक वर्षभरात दिसतो.

या बजेटमध्ये हॉल सेन्सर हवा असेल तर थ्रस्टमास्टर टी.१६०००एम ची नुसती स्टिक घ्या, थ्रॉटलचा जोड नको. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हॉल, १६ बटनं, बुडाशी थ्रॉटलसाठी छोटा स्लायडर, आणि दांडा पिळला की रडर. पिळण्याखाली मात्र पॉटच आहे. आज ना उद्या तो कुरकुरणार हे धरून चला.

ती बजेटबाहेर गेली तर लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रो. १२ बटनं, आठ दिशांचा हॅट (अंगठ्यानं ढकलायचं छोटं बटन), पिळता रडर, स्लायडर. मध्यावर दांडा थोडा सैल असतो, पण शिकायला पुरे. टी.फ्लाइट हॉटास एक्समध्ये वेगळा निघणारा थ्रॉटल मिळतो म्हणून बरेच जण तिकडे वळतात. त्याच्या थ्रॉटलला बरोबर मध्ये एक खाच आहे. फॉर्मेशनमध्ये किंवा लँडिंगला पॉवर किंचित कमी-जास्त करायची असते आणि हात नेमका त्या खाचेत अडकतो. स्टिकच्या मध्यावरही मेलेली जागा (जिथे दांडा हलला तरी विमान हलत नाही) मोठी आहे, ती सेटिंगमधून जात नाही.

व्हीकेबी, व्हिर्पिल ही बाहेरून येणारी मंडळी. वस्तू उत्तम, पण कस्टम आणि जीएसटी लागून भाव कुठल्या कुठे जातो, आणि वॉरंटीत परत पाठवायची तर खर्च तुमचाच. पहिल्या वर्षी नको.

जुनी स्टिक मिळत असेल तर पैसे देण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरला लावून रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल उघडायला सांगा. प्रॉपर्टीजमध्ये चौकोनात एक अधिकचं चिन्ह दिसतं. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू न्या, दहा सेकंद लावून. चिन्ह मध्येच उडी मारत असेल तर पट्टी गेली. सोडून दिल्यावर दर वेळी एकाच जागी येतं का पाहा. मग पिळून धरा आणि हात स्थिर ठेवा. स्क्रीनवरची रडरची पट्टी नाचत असेल तर भाव पाडा.

कुरकुरणाऱ्या पॉटवर लोक डब्ल्यूडी-४० मारतात. ते करू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ आणखी धरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मागा, सुकून उडून जाणारा. दांडा जड फिरत असेल तर सिलिकॉन ग्रीस, शेंगदाण्याएवढं. ट्रॅक्टरचं ग्रीस प्लास्टिकला खातं.

घाटंजी_०७

म्हणजे वेगळा थ्रॉटल आता नको? व्हिडिओत तं सगळे दोन्ही हातात घेऊन बसलेले दिसतात.

उजवा_रडर

नको. पहिली गरज आहे रडरची, आणि त्याच्या जोडीला मान फिरवण्याची. थ्रॉटलचं काम स्लायडरवर भागतं.

रडर का, ते टीएफ-५१डी घेऊन धावपट्टीवर गेलात की पहिल्या पाच सेकंदांत कळेल. पंखा एका दिशेनं फिरतो, त्याचा वारा शेपटीला आदळतो, आणि पॉवर वाढवली की विमान डावीकडे ओढतं. उड्डाणाआधी रडर ट्रिम सुमारे ६ अंश उजवीकडे. स्टिक पोटाशी ओढून धरा, त्यानं शेपटीचं चाक लॉक राहतं. स्टिक पुढे ढकलली की ते मोकळं होतं आणि विमान भोवऱ्यासारखं फिरतं. ‘विमान गोल गोल फिरते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बहुतेकांनी स्टिक लवकर सोडलेली असते. पॉवर हळूहळू, एकदम नाही, आणि उजवा पाय (इथे उजवीकडे पिळ) तयार. कीबोर्डवर रडर म्हणजे एकतर शून्य नाहीतर पूर्ण. त्यावर हे जमतच नाही.

पण पहिला महिना एसयू-२५टी. दोन इंजिनं, पंखा नाही, ओढ नाही. इंजिन सुरू करायला राइट शिफ्ट आणि होम, चाकं जी वर, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) एफ वर, ब्रेक डब्ल्यूवर. टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) वळणावर वेग माणसाच्या पळण्याएवढाच ठेवा. जोरात वळलात की टायर फुटतात, आणि नव्या माणसाला कळत नाही विमान एका बाजूला का ओढतं. पहिले चार दिवस हत्यारांना हातच लावू नका. २००० मीटरवर ५०० किलोमीटरच्या वेगानं सरळ जा आणि ट्रिम असं लावा की हात सोडला तरी नाक हलत नाही. हे न शिकता पुढे गेलेला माणूस निशाण लावतानाही स्टिकशी झगडत बसतो.

मग जमिनीवरचं निशाण. ७ दाबून एअर-टू-ग्राउंड मोड, ओ दाबून श्क्वाल कॅमेरा, चौकट रणगाड्यावर नेऊन एंटर, मग राइट शिफ्ट आणि ओ दाबून लेझर. व्हिखर क्षेपणास्त्र लेझरच्या किरणावर चालत जातं, म्हणजे ते पोचेपर्यंत नाक फार फिरवलंत, चौकट सुटली, की गेलं वाया. आणि लेझर सतत चालू ठेवू नका, तापून बंद पडतो.

हेड ट्रॅकिंग हौसेचं नाही. शत्रू मागे गेला की हॅटनं मान फिरवायची तर अंगठा गुंततो, ट्रिमला अंगठा उरत नाही. मान डोक्यानं फिरली की हॅट मोकळा होतो, त्यावर चारही दिशांचं ट्रिम लावा. १६ बटनं कमी पडली तर डीसीएसमध्ये एक बटन मॉडिफायर म्हणून नेमता येतं. ते दाबून धरलं की बाकीच्या पंधरांची दुसरी कामं.

सोल्डरगन

हेड ट्रॅकिंगला ट्रॅकआयआर विकत घ्यायची गरज नाही. ओपनट्रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. इनपुटमध्ये न्यूरलनेट ट्रॅकर, आउटपुटमध्ये फ्रीट्रॅक, फिल्टर अ‍ॅक्सेला. तुमचा ७२०पी कॅमेरा चालेल. मॅपिंगमध्ये मध्यावर २-३ अंश मेलेले ठेवा, मग वक्र असा चढवा की डोकं २५-३० अंश फिरलं की गेममध्ये मान दीडशेच्या पुढे गेली पाहिजे. तेवढंच, कारण नजर स्क्रीनवरच राहायला हवी. सेंटर करायचं बटन स्टिकवर द्या.

खोलीत अंधार असला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, ३० च्या १५ फ्रेम होतात आणि मान ओढल्यासारखी फिरते. लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात, चूक उजेडाची असते. तोंडावर समोरून एक एलईडी बल्ब. पाठीमागे उघडी खिडकी नको.

न्यूरलनेट प्रोसेसर खातो. डीसीएससोबत तो भार नको असेल तर इन्फ्रारेड क्लिप करा. ८५० नॅनोमीटरचे तीन आयआर एलईडी, रुंद कोनाचे. टीव्हीच्या रिमोटमधला एलईडी सरळ समोरच फेकतो, डोकं वळलं की कॅमेऱ्याला दिसत नाही. तिन्ही एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये. प्रत्येकावर साधारण १.४ व्होल्ट पडतात, तीन मिळून ४.२. यूएसबीचे ५, उरले ०.८. मध्ये २२ ओहमचा रेझिस्टर घातला की ३६ मिलीअँपिअर वाहतात, एलईडीला सुखाचे. रेझिस्टर न घालता जोडणारे पुष्कळ आहेत, त्यांचे एलईडी पहिल्या संध्याकाळीच जातात. पेटले का ते डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपका दिसतो.

तार सायकलच्या स्पोकवर वाकवून इंग्रजी ई सारखा आकार करा आणि हेडफोनच्या कडेला बांधा. ओपनट्रॅकमध्ये पॉइंटट्रॅकर निवडा, तीन दिव्यांमधली अंतरं मिलिमीटरमध्ये भरा. पट्टीनं मोजून, अंदाजानं नाही. कॅमेऱ्याच्या भिंगामागे इन्फ्रारेड अडवणारी लालसर-निळसर काच असते, ती काढावी लागते. म्हणून दुसरा जुना वेबकॅम घ्या, चालू वापरातला नको. पुढे जुन्या फोटो निगेटिव्हचा पूर्ण काळा झालेला तुकडा दोन घड्या करून. तो नेहमीचा उजेड अडवतो, इन्फ्रारेड जाऊ देतो. खोलीत पिवळा तारेचा बल्ब असेल तर बंद करा, तोही कॅमेऱ्याला चौथा ठिपका म्हणून दिसतो.

फीडर_४

भाऊ, हे सगळं बरोबर हाय, पण तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट व्होल्टेजची हाय अन् तिकडं कोनी पाह्यलंच नाही.

इन्व्हर्टरच्या मागं दोन मोड रायते. एक यूपीएस, एक नॉर्मल नाही तं इको. कॉम्प्युटर लावाचा तं यूपीएस मोडच. काहून, तं एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) लाइन गेल्यावर १६-१७ मिलीसेकंद दम धरते, एवढंच. यूपीएस मोड त्याच्या आत बॅटरीवर घेते. नॉर्मलमध्ये त्याहून जास्त वेळ जाते अन् मशीन रीस्टार्ट. मंग लोक म्हणतात ग्राफिक कार्ड खराब झालं.

पण यूपीएस मोडची गोम अशी, का १८० च्या खाली व्होल्टेज आलं का तो लाइन असूनही बॅटरीवर जाते. ओलिताच्या दिवसात तुमच्याइकडं १६०-१७० असन तं इन्व्हर्टर रातभर बॅटरीच चाटन. चार्ज होनार कधी? म्हणून इन्व्हर्टरच्या अगोदर स्टॅबिलायझर, १४० पासून उचलनारा, २ केव्हीएचा. आता हा खर्च तुमच्या १५ हजारात धरू नका, घरातल्या फ्रिजलेही तोच कामी येते असं घरी सांगा.

भार पाहा. १६५० कार्ड ७५ वॅटचं, प्रोसेसर ६५ चा, मॉनिटर अन् बाकी धरून दोन-सव्वादोनशे वॅट. वरून एक पंखा. बॅटरी नवी असन तं तीन-साडेतीन तास निघते. जुनी असन तं दीड.

दुसरं, अर्थिंग. अर्थिंग नसली का एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळं कॅबिनेटवर लाइनीच्या निम्मं व्होल्टेज तरंगत रायते. हात लावला का झिणझिण्या येते, ते हेच. तेच यूएसबीच्या तारेत घुसते अन् स्टिकची बटनं आपोआप दबल्यासारखी होते. तुम्ही इकडं ड्रायव्हर बदलत बसता. वायरमनले मल्टिमीटरनं न्यूट्रल अन् अर्थ यायच्यातलं व्होल्टेज पाहाले सांगा. दोन-तीनच्या आत ठीक, वीस-तीस असन तं अर्थिंग नाहीच. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळली का सळईपासून सुटते. खड्ड्यात कोळसा-मीठ असन तरी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पानी टाका.

उन्हाळ्याचं आणखी एक. बाहेर ४५ असताना कार्ड किती थंड रायनार? एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फ्रेम रेट ४५ वर बांधून टाका. डीसीएस ४५ वर स्थिर चालते, ६०-३०-५० असं नाचण्यापेक्षा चांगलं, अन् कार्ड आठ-दहा डिग्री थंड. कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर नको, त्यात वलावा रायते. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर रुई बसते, दसऱ्यापासून होळीपर्यंत महिन्याले एकदा ब्रशनं झटका.

घाटंजी_०७

फीडरभाऊ, कॅबिनेटले झिणझिण्या येते, खरंच. वायरमनले बोलावतो. आता एकच: पिळून रडर जड वाटला तं पेडल गावात करता येईल का? वेल्डर हाय, सुतार हाय.

सोल्डरगन

येतील, आणि विकतच्या स्वस्त पेडलपेक्षा मजबूत.

१८ मिलिमीटर प्लायची पाटी, त्यावर मधोमध उभा बोल्ट, बोल्टावर आडवा दांडा. दोन्ही टोकांना पाय ठेवायच्या फळ्या. डावा पाय पुढे गेला की उजवा मागे येतो, बैलगाडीच्या जुवासारखं. बोल्ट ८ मिमीचा ठेवा, त्यावर ६०८ नंबरची बेअरिंग बसते (आतून ८, बाहेरून २२, जाडी ७). ती स्केटिंगच्या चाकातली, कुठेही मिळते. एक वर, एक खाली. एकच घातली तर दांडा डुलतो. मध्यावर परत यायला दोन्ही बाजूंना सायकलच्या कॅरिअरच्या स्प्रिंगा, सारख्या ताणाच्या. एक जुनी, एक नवी लावली की विमान कायम एका बाजूला.

बोर्ड आर्डुइनो प्रो मायक्रो, एटीमेगा ३२यू४ वाला. ऊनो घेऊ नका. तो कॉम्प्युटरला जॉयस्टिक म्हणून सांगू शकत नाही. फर्मवेअर (बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) एमएमजॉय२.

सेन्सरला १० के चा पॉट घ्यायचा तर बी१०के मागा. ए लिहिलेला आवाजासाठी असतो, सरळ वाढत नाही. पण पॉट ३०० अंश फिरतो आणि तुमचा दांडा ६०. बोर्डाच्या १०२४ पायऱ्यांतल्या जेमतेम दोनशे वापरल्या जातात, म्हणून रडर टप्प्याटप्प्यानं जातो. त्यापेक्षा ४९ई हॉल चिप आणि दोन छोटी चकतीची चुंबकं बोल्टाच्या डोक्याशी, समोरासमोर, चिप मधल्या फटीत स्थिर. दांडा मध्यावर असताना चिपवर अडीच व्होल्ट आले की बसवणी बरोबर. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्पीकर पायाशी ठेवू नका, त्याचं चुंबक मध्यबिंदू हलवतं.

पाटी गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. खुर्चीच्या पायाला दोरीनं बांधा. पाटीखाली रबर लावून फार वेळ टिकत नाही.

उजवा_रडर

पेडल लावल्यावर लगेच एक घोळ होईल, आत्ताच सांगून ठेवतो. डीसीएस नवीन यंत्र दिसलं की त्याच्या पहिल्या अक्षाला स्वतःहून पिच किंवा रोल देऊन टाकतो. मग पाय हलवला की विमान कलंडतं, आणि स्टिकशी त्याची ओढाताण. कंट्रोल्समध्ये अ‍ॅक्सिस कमांड्स उघडा, पेडलच्या रकान्यात रडर सोडून सगळं क्लिअर करा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. स्टिकच्या पिळाचा रडरही काढा, नाहीतर मुठीच्या थरथरीनं नाक हलेल.

अ‍ॅक्सिस ट्यूनमध्ये डेडझोन (मेलेली जागा) ३, कर्व्हेचर (वक्र) १५ पासून सुरुवात. काही जण ४० लावतात. मध्यावर छान हळुवार वाटतं, पण टोकाला विमान एकदम झटका देतं. थ्रॉटल उलटा चालला तर इन्व्हर्ट, आणि एकाच दिशेचा स्लायडर असेल तर स्लायडरची खूण. सगळं जमलं की सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरातलं कॉन्फिग, त्यातलं इनपुट फोल्डर कॉपी करून ठेवा. काही यंत्रांना दुसऱ्या यूएसबी भोकात लावलं की विंडोज नवीनच समजतं आणि नेमलेलं सगळं रिकामं दिसतं. भोकांवर चिकटपट्टी लावून नावं लिहा. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा, नाहीतर दहा मिनिटं सरळ उडत असताना पेडल झोपी जातात.

घाटंजी_०७

लय उपकार मंडळी. ठरलं असं: एसएसडी अन् टी.१६०००एम ची नुसती स्टिक आता, ओपनट्रॅक सध्याच्या कॅमेऱ्यावर, पेडल दिवाळीनंतर. शेवटचं एक, वायुसेनेतून २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ गेलं, डीसीएसमध्ये त्याचं मॉड्यूल हाय म्हणतात. लगेच घेऊ का?

उजवा_रडर

आहे, मिग-२१बिस. लगेच नको, १४ दिवसांची चाचणी पेडल झाल्यावर वापरा, नाहीतर ते दिवस असेच जातील. त्याचा पंख त्रिकोणी आणि लहान. उतरताना फ्लॅपवर इंजिनातली हवा फुंकली जाते, ती यंत्रणा म्हणजे एसपीएस, तिचा स्विच चालू पाहिजे. धावपट्टी दिसली म्हणून थ्रॉटल एकदम मागे ओढलात की इंजिनाचे फेरे पडतात, फुंकणं थांबतं आणि विमान दगडासारखं खाली येतं. चाकं टेकेपर्यंत पॉवर ठेवा, टेकल्यावर काढा, मग ड्रॅगशूट (वेग मारणारं मागचं पॅराशूट). टी.१६०००एम चा स्लायडर छोटा आहे, त्यावर एवढं बारीक जमायला दोन आठवडे लागतील. सराव एसयू-२५टी वरच करा, थ्रॉटल न सोडता उतरायचा.